तंतोतंत घरच्यासारखे

माणूस डोंगरावर दोन कारणांनी चढतो. एक, वर त्याचे घर असते म्हणून. दोन, वर त्याचे घर नसते म्हणून. पहिल्या कारणाने चढणाऱ्यास डोंगरी जमात म्हणतात. दुसऱ्या कारणाने चढणाऱ्यास पाहुणा म्हणतात, आणि त्याची आगाऊ नोंदणी करून घेतात.

या शास्त्रशुद्ध विभागणीवर सहल कार्यालयाचे सारे कामकाज चालते. सहलीचे नाव 'एक रात्र निरागसांच्या घरी'. निरागस म्हणजे वरच्या वाडीतल्या मावशी, त्यांचे यजमान आणि शेजारची नऊ घरे. पत्रक हाती आले तेव्हा मावशींनी आपल्या दिराला, म्हणजे सहलीच्या वाटाड्याला, निरागसचा अर्थ विचारला होता. तो म्हणाला, "आपण कसे आहोत हे ज्यांना पत्रक वाचून कळतं, ते."

वाटाड्याचे काम मोठे जबाबदारीचे. वाडीतली माणसे बाजार करून दोन तासांत वर येतात. पण पत्रकात 'खडतर' हा शब्द असल्याने पाहुण्यांना सहा तास लावावे लागतात. शिवाय वाडीपर्यंत पक्की सडक आहे (पत्रकात नाही). ती जिथे झाडांतून दिसते, तिथे वाटाड्या उजवीकडचा दुर्मीळ पक्षी दाखवतो. पक्षी नसतो. तरी दर तुकडीतल्या किमान दोघांना तो दिसतो, आणि एका गृहस्थांना त्याचा आवाजही आवडला होता.

सहलीच्या शेवटी पाहुणे पाचपैकी चांदण्या देतात. सलग तीनदा चारांपेक्षा कमी मिळाल्या की घर यादीतून जाते. मावशींच्या घराला दोनदा तीन-तीन मिळाल्या होत्या. शेरा एकच: 'सोय उत्तम, पण घरच्यासारखे वाटले नाही.' यादीतून घर गेले की यजमानांना पुन्हा खाली दगडाच्या खाणीवर जावे लागणार. तिथे त्यांनी अकरा वर्षे काढली होती आणि येताना खोकला आणला होता. पाहुणे येऊ लागल्यापासून ते घरी होते आणि खोकला निम्म्यावर आला होता. तो पुन्हा वाढावा हे मावशींना मुळीच नको होते.

तशात कार्यालयाचे परिपत्रक आले. कलम चौदा: 'पाहुण्यांना तंतोतंत घरच्यासारखे वागवावे. कसूर झाल्यास सबब ऐकली जाणार नाही.'

"वहिनी," दीर म्हणाला, "घरच्यासारखं म्हणजे खरंच घरच्यासारखं नसतं."

"मग कसं असतं?"

"म्हणजे हसतमुखानं."

"आपल्या घरात हसतमुख कोण आहे?"

दिराने बोटांवर मोजायला घेतले. एकही बोट मिटले नाही.

मावशींनी मग रीतसर पाहणी केली. एका दिवसात त्या यजमानांशी एकूण तेवीस वाक्ये बोलल्या. पैकी हुकूम चौदा, टोमणे सहा, 'ऐकू येतंय का' दोन आणि 'जेवलात का' एक (हेही रागानेच). इतकी स्पष्ट आकडेवारी हाती आल्यावर शंकेला जागा उरली नाही.

पुढची तुकडी सहा जणांची होती. त्यात सतरा चेनांची बॅग घेतलेले एक साहेब होते. खालच्या जगात त्यांच्या हाताखाली साठ माणसे होती. वर वाटाड्याने त्यांचे नाव बॅगवाले ठेवले. तुकडी दारात आली, तेव्हा मावशी नेहमीसारख्या हात जोडून पुढे आल्या नाहीत.

"आलात? बूट बाहेर. इतका वेळ कुठं होतात?"

"सहा तास चढतोय," बॅगवाले म्हणाले.

"आमचे सासरे काठी टेकत याच्या निम्म्या वेळात येतात. जा, पाणी भरून आण."

साठ माणसांचे साहेब कळशी घेऊन झऱ्यावर गेले. दुसऱ्याला कांदे दिले, तिसऱ्याला केरसुणी. सगळ्यांचे फोन तांदळाच्या डब्यात टाकले (मावशींचा स्वतःचा फोनही, निरागसतेस बाधा येऊ नये म्हणून, तिथेच लपवलेला असतो). भाजी आवडत नाही म्हणणाऱ्याला उपाशी झोपण्याची परवानगी मिळाली. त्याने ती नाकारून तीनदा भाजी घेतली. यजमान कोपऱ्यात बसून हे कौतुकाने पाहत होते. त्यांच्या वाट्याची बोलणी सात जणांत वाटली गेल्याने लग्नानंतर प्रथमच त्यांना निवांत जेवता आले.

बॅगवाल्यांच्या ताटात भात वाढताना मावशी म्हणाल्या, "किती वाळलायस रे. कुणी विचारत नाही वाटतं."

बॅगवाल्यांचा घास तोंडातच राहिला. मग त्यांचे डोळे भरून आले. कांदे चिरणारा दुसराच होता, पण ठपका कांद्यांवरच ठेवण्यात आला.

निघताना मावशी दाराशी उभ्या होत्या. पाहुणे चांदण्यांचा अर्ज भरत होते. निकाल असा: पाच जणांच्या पाच चांदण्या. सहाव्याने चार दिल्या, कारण त्याला मावशी एकदाच ओरडल्या, शेजाऱ्याला तीनदा.

कार्यालयाने अशा पक्षपाताची तातडीने दखल घेतली. तपासनीस (सडकेने) आले आणि प्रमाण ठरवून गेले: ओरडा प्रतिव्यक्ती तीन, टोमणा एक, 'किती वाळलायस' सरसकट, वजन न पाहता. शंभर किलोच्या एका पाहुण्याने हे वाक्य ऐकून जागच्या जागी पुढची नोंदणी केली. नऊही घरांतल्या बायकांना मावशींकडे प्रशिक्षणाला पाठवण्यात आले. त्यांपैकी एकीलाही काही शिकवावे लागले नाही.

दोन महिन्यांनी बॅगवाले पुन्हा आले. दारातच त्यांनी आपणहून बूट काढले, फोन डब्यात टाकला आणि कळशी उचलली. ते झऱ्यावर गेले असताना डबा वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. सातव्यांदा मावशींनी हात घालून फोन काढला. वर 'आई' असे लिहिले होते.

"उचललास बाई एकदाचा!" पलीकडून आवाज आला.

"मी डोंगरावरची मावशी. तो पाणी आणायला गेलाय."

"पाणी? तो? जेवतो का हो नीट?"

"दोनदा घेतो. पण ओरडावं लागतं."

"मीही ओरडले असते हो," आई म्हणाली. "आधी त्यानं फोन उचलायला हवा ना."

बॅगवाले भरली कळशी घेऊन हसत आत आले, तेव्हा मावशी चिडल्या. कलम चौदाप्रमाणे नव्हे, खऱ्याच. "डोंगर चढून माझी बोलणी खायला येतोस, आणि तिकडं आई सात सात वेळा फोन लावतेय. लाज नाही वाटत? आधी तिला फोन लाव, मग ताट."

बॅगवाल्यांनी फोन लावला. अडीच मिनिटे बोलले. मग भात एकदाच घेतला आणि सकाळी अर्ज भरला. चांदण्या दोन. शेरा: 'अगदी घरच्यासारखे वाटले.'

कार्यालय हादरले. घर यादीतून काढावे की ताकीद द्यावी, यावर तीन बैठका झाल्या. शेवटी दयाबुद्धीने कलम पंधरा आले: 'घरच्यासारखे वागवावे, परंतु पाहुण्यांच्या घरच्यांचा उल्लेख करू नये.' खाली मावशींची सही हवी होती.

मावशी कागद घेऊन खूप वेळ बसल्या. आत यजमान एकदा खोकले. मावशींनी सही केली. सही करताना त्यांना फार वाईट वाटले, आणि ते लिहायला कागदावर रकाना नव्हता.

आता घराला नियमित पाच चांदण्या मिळतात. डबा रोज संध्याकाळी वाजतो. पूर्वी आवाज मोठा वाटायचा; हल्ली मावशी झाकणावर उशी ठेवतात.

या मोसमाच्या सर्व तारखा भरल्या आहेत, तरी इच्छुकांनी प्रतीक्षा यादीत नाव घालावे. आणि हे वाचत असताना बाजूला पालथा ठेवलेला आपला फोन मघाशी दोनदा थरथरला, तो पाहण्याची घाई नको. कार्यालयाचा नाही. घरचाच आहे.