पलंग खाली, टेबल गायब

"दामिनीच्या खोलीचं डिझाईन मीच करीन. बाहेरचा माणूस कायले पाहिजे?" भूपेंद्र सरांनी घरात जाहीर केलं. सौंसरच्या शाळेत ते एकवीस वर्षं चित्रकला शिकवत होते. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं अजूनही घर काढायला सांगितलं की मागे दोन त्रिकोणी डोंगर काढत. तेवढ्या पुण्याईवर सरांनी पेन्सिलीला टोक केलं.

लेकीचा बीएस्सीचा गणिताचा पेपर वीस दिवसांवर आला होता. मागच्या वेळी त्यातच ती राहिली होती. यंदाही राहिली तर वर्ष जाणार होतं. पांढुर्ण्याच्या कॉलेजात जाता-येता रोज बसमध्ये वेळ जातो म्हणून तिथेच दहा बाय दहाची खोली घेतली होती. पण पलंग ठेवला तर टेबल मावेना, टेबल ठेवलं तर पलंग. सरांनी तीन दिवस मोबाईलवर व्हिडिओ पाहून तोडगा काढला. पलंग बिजागऱ्यांनी भिंतीला लावायचा. उचलून उभा केला की त्याच्या पाठीवरची फळी उघडून टेबल होणार, खाली पाडला की पलंग.

"सर, एका टाइमाले एकच होईन," राजू सुतार म्हणाला. "कोणी झोपलं त लिहिणारं कोठी बसन?"

"अरे, पोरगी एकटीच राहीन ना तिथी. झोपली असताना लिहीन कशी?"

पलंग झाला मोठा देखणा. सरांना राहवेना. त्यांनी फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "पांढुर्ण्याले गेले त पाहून या. कलेक्टर ऑफिसपासून पायी पाच मिनिटं."

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून सौंसर-बोरगावच्या प्रत्येक घरात तिकडे न्यायचा एखादा तरी कागद असतो. सकाळच्या बसने जायचं, अर्ज द्यायचा आणि संध्याकाळच्या बसपर्यंत सावली शोधत फिरायचं. त्यात हा फोटो!

पहिले आले बोरगावचे भिवाजी, म्हणजे सरांचे मामा. नुसते पाहायलाच आले होते. पलंग पाडून पाहिला, आडवं होऊन पाहिलं आणि चार वाजता उठले. दुसऱ्या दिवशी सरांची मनकर्णा आत्या आली, दुखऱ्या गुडघ्यांसकट. मग मामांनी गावभर वर्णन केल्यावर ज्यांचं जिल्ह्यात काहीच काम नव्हतं तेही कागद शोधून निघाले.

दामिनीचा फोन आला. "बाबा, पलंग खाली हाये."

"मजबूत हाये ना?"

"लय मजबूत. आज तिघं झोपून राहिले. मी टेबल कसं उघडू? पेपर सहा दिवसांवर आला!"

सर हादरले. मोठ्या माणसांना फोनवरून उठवणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते स्वतः पांढुर्ण्याला निघाले. बसमध्ये त्यांनी चार कडक वाक्यं पाठ केली.

खोलीत मामा आणि आत्या पलंगावर होते, दामिनी दारात उभ्यानेच वही भरत होती. सर तोंड उघडणार तोच मामा उठून बसले. "भूपेंद्र, काय चीज बनवली बाप्पा! अशी झोप मले घरी नाही लागत. तू स्वतः झोपून पाह्यलं काय?"

पाहिलं नव्हतं. एकवीस वर्षांत कुणी इतकी मनापासून दाद दिली नव्हती. कडक वाक्यं जिभेवरच विरघळली. नुसती पाहणी म्हणून सर दोन मिनिटं आडवे झाले.

जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. मामा बस पकडायला गेले होते, आत्या बाजूला घोरत होती, आणि दामिनी पुस्तकांसकट गायब होती. सर धडपडत उठले. त्यांनी फोन लावला.

"कोठी हायेस तू?"

"सौंसरले, घरी. बाबा, आल्यापासून तीन गणितं सुटली!"

"शाब्बास. थांब, मीबी निघून राहिलो. तुले समजावून देतो."

पलीकडे जरा कुजबुज झाली आणि फोन बायकोने, म्हणजे उषाने घेतला. "काही नका येऊ. पेपर होईपर्यंत तिथंच राहा. घर कसं शांत झालं, पोरीचा मस्त अभ्यास होऊन राहिला."

सरांनी फोन खाली ठेवला. आत्याने झोपेतच कूस बदलली आणि त्यांना थोडी जागा करून दिली.