त्रिंबकरावांचा गुलाब गारद जाहला त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ज्याने गुलाबास काटा दिला आणि मनुष्यास खाली घालावयासी मान दिली, त्या श्रीस साष्टांग नमन करून ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, आणि संवत्सराने आपले नाव राखिले. लिहिणाराने त्या घरचे मीठ खाल्ले आहे, सबब चार शब्द गोड लिहावे ऐसे मनात होते; परंतु घडले तेच लाजिरवाणे, तेथे बोरूने काय करावे?

राज्य म्हणावे तर मागील दारची जागा, पूर्वेस धुण्याचा दगड, पश्चिमेस शेजारची भिंत, आणि मध्ये कुंड्यांतून गुलाब नांदत होते. राज्याचे धनी राजश्री अच्युतराव. पेन्शनीत आल्यापासून गुलाबाचे वेड लागले, दोन पुस्तके वाचली, आणि मग आळीत कोणाचाही गुलाब रुसला तरी राजे न बोलाविता तेथे जात आणि उपदेश करीत. "वाढेल त्याला राखावं, रडेल त्याला काढावं," हे त्यांचे ब्रीद. राणीसाहेब नलिनीबाई हे ब्रीद ऐकून भाजी निवडीत राहत. भिंतीपलीकडे कुमुदताईंचे राज्य. त्यांचे यजमान त्रिंबकराव चार वर्षांपूर्वी कैलासवासी जाहले. त्यांनी हयातीत एकच गुलाब केला, परंतु स्वहस्ते केला. रानगुलाबाचा खुंट लाविला, त्याची साल चिरून आत कोठूनसा आणिलेल्या चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब, भरला आणि वर पट्टी बांधिली. त्यास फिकट केशरी फूल येई आणि वास ऐसा की भिंतीअलीकडे राणीसाहेबांचा हात कामात थांबे. मार्गशीर्षात त्रिंबकरावांची तिथी, ते दिवशी त्या झाडाचे फूल त्यांच्या तसबिरीस वाहावे, हा कुमुदताईंचा नेम. ऐसे फूल दुसरीकडे कोठेही नव्हते.

चैत्रमासी कुमुदताईंस लेकीच्या बाळंतपणास दूरदेशी जाणे प्राप्त जाहले. मग त्यांनी ती कुंडी अच्युतरावांचे स्वाधीन केली आणि वाकून पट्टीवर बोट ठेविले. "अच्युतराव, ही गाठ बघून ठेवा. हिच्या वरचं ते यांचं. खालून फुटेल ते नुसतं रान, दिसलं की खुडून टाका. आणि तिथीला एक फूल मिळालं की झालं, मला दुसरं काही नको." राजे मान हलविते जाहले, परंतु ते समयी त्या कुंडीतील पाण्याच्या निचऱ्याविषयी काय सांगावे हे मनात जुळवीत होते, सबब कानांनी ऐकिले आणि मनाने ऐकिले नाही. "ताई, निर्धास्त जा," म्हणाले. "माझ्या हातात झाड आलं की ते मरत नाही." हे वाक्य पुढे त्यांस फार महाग पडले.

वैशाखी उन्हाने मोठा जोर केला. राजांनी राणीसाहेबांचे जुने पातळ चहू काठ्यांवर ताणून त्या गुलाबावर छत्र धरिले, पहाटे उठून पाणी घातले, आणि ही सेवा खरी केली, ती नाकारता येत नाही. मग ज्येष्ठात माव्याच्या किड्यांची फौज कोवळ्या शेंड्यांवर उतरली, तीस साबणाच्या पाण्याने मारून काढिली. आषाढ श्रावण झड लागली आणि पानांवर काळे ठिपके येऊन त्रिंबकरावांची फांदी उघडी पडली, चार पाने राहिली. आणि त्याच सुमारास पट्टीच्या खालून, मातीलगत, एक फुटवा निघाला. हिरवागार, सरळ, ठिपका म्हणून नाही, आज वितीएवढा तर आठा दिवसांत हातभर. ऐसा तोतया कोणत्याही दरबारात येतो तेव्हा अंगाने धडधाकट आणि चेहऱ्याने तेजस्वीच येतो. राजे त्यास पाहोन बहुत संतोष पावले आणि म्हणाले, "बघा, झाडानं माझं ऐकलं."

दसरा जाहला आणि छाटणीचे दिवस आले. राजे कात्री पाजळून, टोपी घालून बागेत उतरले आणि त्या कुंडीपुढे उभे राहिले. एक फांदी रोडकी, एक फांदी जोरकस. नलिनीबाई कपडे वाळत घालीत होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, त्या कुंडीला हात लावू नका. ताई आल्या की बघतील त्या."

"छाटल्याशिवाय गुलाब फुलत नाही."

"पण त्यांनी काहीतरी दाखवलं होतं तुम्हाला. पट्टीबिट्टी."

"पट्टी जुनी झाली. तुला त्यातलं नाही कळायचं," ऐसे राजे बोलिले, आणि ब्रीदाप्रमाणे रडणारीस मुळाशी कापिले आणि वाढणाऱ्यास राखिले. कापिलेली फांदी रोगट, म्हणोन बाकीच्या कचऱ्यासंगे जाळून टाकिली. तो धूर भिंतीपलीकडे गेला, तेथे कोणी नव्हते.

मग तोतयास शेणखत घातले, निंबोळी पेंड घातली, आणि तो भिंतीवरून डोकावू लागला. राजे आळीतल्या माणसांस आणून दाखवीत. कुमुदताईंचा फोन आला तेव्हा मोठ्या डौलाने म्हणाले, "ताई, तुमचं झाड भिंतीच्या वर गेलंय."

"वर? यांच्या वेळी कमरेच्या वर कधी गेलं नव्हतं."

"हात लागतो एकेकाचा."

कुमुदताई "बरं" म्हणोन नातवाचे सांगू लागल्या. कार्तिक सरत आला. इतर कुंड्यांत कळ्या आल्या, फुले आली, आणि त्या एका कुंडीत पानांवाचून काही नाही. राजे रोज जाऊन शेंडे चाचपीत. अखेरीस एके सकाळी तण काढावया बसले असता माती सरली आणि ती पट्टी दृष्टीस पडली. वरच्या बाजूस वाळका तुकडा, खालच्या बाजूस अंगठ्याएवढा जाड तोतया. तेव्हा चैत्रातले बोट आठवले, बोल आठवला, आणि राजे तेथेच मातीत बसून राहिले. चहा गार जाहला. नलिनीबाई बोलवावयास आल्या, त्यांनी कुंडी पाहिली, राजांचे मुख पाहिले, आणि "मी सांगत होते" हे शब्द त्या बोलिल्या नाहीत. न बोलिल्या याचीच राजांस अधिक लाज वाटली. बोलिल्या असत्या तर उलट चार शब्द बोलून मोकळे होता आले असते.

येथवर चूक होती, आणि चूक कोणाचीही होते. पुढे केले ते चुकीत बसत नाही. तिथीचे आदले दिवशी कुमुदताई परतणार ऐसे कळले, आणि राजे गुपचूप बाजारात जाऊन फिकट केशरी रंगाचा गुलाब घेऊन आले, आणि हिरवा दोरा घेऊन तो तोतयाच्या फांदीस पानाआड बांधिला. मग दोन पावले मागे सरून दोरा दिसतो की काय हे पाहिले. नलिनीबाई मागील दारी आल्या, पाहिले, आणि दार लोटून आत गेल्या. दुसरे दिवशी, तिथीच्या सकाळी, कुमुदताई आल्या, फुलापाशी वाकल्या, वास घेतला. "वास नाही याला."

"थंडीमुळे असेल," राजे म्हणाले, आणि दृष्टी धुण्याच्या दगडावर ठेविली.

"असेल," कुमुदताई म्हणाल्या. पाठमोऱ्या होऊन त्यांनी फूल घेतले आणि दोघांस जेवावयाचे आमंत्रण देऊन गेल्या.

दुपारी पाने मांडिली. कुमुदताईंचे दीर, जाऊ आणि आळीतली चार वडील माणसे होती. राजांचे पान नेमके तसबिरीसमोर आले. तसबिरीत त्रिंबकराव हसत होते आणि त्यांच्या उराशी ते बाजारचे फूल होते. खीर वाढिली, वडे वाढिले, आमसुलाची चटणी वाढिली. दीर म्हणाले, "दादाच्या झाडानं यंदाही नेम चुकवला नाही म्हणायचा. अच्युतराव, तुमची कृपा." राजांनी वड्याचा तुकडा मोडिला, तो मुखापर्यंत नेला, आणि खाली ठेविला. मग सर्वांदेखत म्हणाले, "ते फूल विकतचं आहे. दोऱ्यानं बांधलं होतं मी. यांची फांदी मी कापली, आणि जाळली. आता त्यातलं काही उरलेलं नाही." पंगतीत कोणी वाढीना, कोणी जेवीना. नलिनीबाईंनी मान खाली घातली.

कुमुदताईंच्या हातात तुपाची वाटी होती. ती त्यांनी पाटावर ठेविली. डोळे भरून आले होते, ते पदराने टिपले आणि म्हणाल्या, "भिंतीच्या वर गेलं म्हणालात, तेव्हाच कळलं मला. तिकडे दोन दिवस जेवण गेलं नाही. दोरा सकाळी मीच सोडला. आता तुम्ही जेवायच्या आधी सांगता की जेवून उठल्यावर, एवढंच बघत होते."

"ताई, काय म्हणाल ते करीन."

"फांदी येणार आहे का परत?" त्या म्हणाल्या. "तिथीला फूल लागतं. ते दर वर्षी तुम्ही आणायचं. विकतचंच आणा. पण मागच्या दारानं नाही, आळीतून, हातात धरून, पुढच्या दारानं या. आता जेवा, अन्न टाकू नका." मग त्यांनी स्वहस्ते तूप वाढिले, आणि राजे ते सगळे पान जेविले. ऐसे कडू जेवण त्यांनी जन्मात जेविले नव्हते.

तात्पर्य, तोतयास पोसिले, धन्यास कापिले, आणि त्यावर दोरा बांधिला. पैकी पहिली दोन अज्ञानाची आणि तिसरे लबाडीचे. राज्य आजही नांदते, फुले बहुत येतात, परंतु ते ब्रीद पुन्हा कोणी ऐकिले नाही. मार्गशीर्षात ती तिथी आली म्हणजे अच्युतराव बाजारचा एक गुलाब उघड्या हाती धरून आळीतून जातात. ओट्यावरचे कोणी ना कोणी कौतुकाने विचारितेच, "अच्युतराव, बागेतला का?" आणि राजे थांबतात, मान खाली घालतात, आणि म्हणतात, "नाही. विकतचा आहे." इतके लिहून बोरू धुतला असे.