कमरेखाली झाड

एका जंगलात, म्हणजे जंगल संपून समुद्र लागतो तिथल्या खडकावर, चिंबोरीकाकू राहायच्या. मुलांनो, काकूंना शेजारीपाजारी डोकावायची सवय होती. खेकड्याचे डोळेच मुळी देठांवर, त्याला त्या तरी काय करणार?

एकदा डोक्यावरून दोन बगळे बोलत चालले होते. "झुंबरीला म्हणे झाड ठरवलंय. आता कासवं येऊन तिला..." पुढचं वाऱ्यानं नेलं.

झुंबरी म्हणजे काकूंची शेजारीण, एक समुद्रफूल. खडकाला चिकटलेली, गुलाबी हातांची झालर हलवत मासे धरून खाणारी. दिसायला फूल, पण बाई खमकी. आणि त्या राज्याचा कायदा असा, की प्राण्याला खायचं तर वाघमहाराजांची परवानगी लागे. झाडावर मात्र कुणीही चरावं.

काकू तिरक्या धावत दरबारात पोचल्या. पाणकावळेशास्त्री पंख वाळवत बसले होते. प्राणी कोण आणि झाड कोण, हे ठरवण्याचं काम पिढ्यानपिढ्या त्यांच्या घराण्याकडे.

"शास्त्रीबुवा, झुंबरी झाड कशी हो?"

"महाराजांच्या मुजऱ्याला येतो तो प्राणी. ती कधी आली?"

"अहो, तिला चालता येत नाही."

"तेच म्हणतोय मी."

"मग हे अजगरराव? पावसाळ्यापासून जागचे हललेले नाहीत."

"ते दरबारातच झोपतात. त्यांना यायची गरज नाही."

"झुंबरी कोळंबी खाते. माझ्या डोळ्यांदेखत."

"झाडं पाणी पितात."

"हात लावला की अंग चोरते."

"लाजाळूही चोरतं."

"गेल्या साली पिल्लं झाली तिला."

"केळीलाही होतात."

काकू हटणाऱ्यातल्या नव्हत्या. "तुमचे वडील तर तिला प्राणीच म्हणायचे."

आता शास्त्रीबुवा अडकले. वडील प्राणी म्हणत, पण आजोबा झाड म्हणत. एकाला खरं ठरवावं तर दुसऱ्याचा अपमान. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता, झुंबरीचा नव्हता. शेवटी पंख मिटत ते म्हणाले, "कमरेखाली झाड, कमरेवर प्राणी. जात, प्राणिवृक्ष."

महाराजांनी मान डोलावली. त्यांची जेवायची वेळ झाली होती.

काकूंनी घरी येऊन निकाल सांगितला.

"पण काकू, मला कंबर कुठाय?" झुंबरी म्हणाली.

"आजपासून आहे. शास्त्रीबुवांनी दिलीय."

एवढ्यात कासव आलंच. कायद्याला अगदी पक्कं. "वरच्या बाईंना नमस्कार. मी फक्त खालचं खाणार," असं म्हणून त्यानं मान खाली घातली. खालच्या झाडानं काही केलं नाही. वरच्या बाईंनी मात्र सगळ्या हातांनी त्याच्या नाकाला कडकडून डंख मारला.

सुजलेलं नाक घेऊन कासव दरबारात गेलं. "शास्त्रीबुवा, मला झुंबरी चावली."

"कुठे खात होतास?"

"कमरेखाली. कायद्यानं."

"तिथे ती झाड आहे. झाड चावत नाही. तेव्हा तुला काहीही झालेलं नाही."

कासव नाक चोळत समुद्रात गेलं, ते पुन्हा त्या खडकाकडे फिरकलं नाही.

बगळ्यांची बातमी अशी अर्धीमुर्धीच खरी निघाली. झुंबरी झाड ठरली, पण अर्धी. कासव आलं, पण उपाशी गेलं. बाकीचं काकूंनी खडकाखडकावर जाऊन सांगितलं, थोडं पदरचं घालून.

तात्पर्य: आपण कोण, हे शास्त्र्यांना पटवत बसू नये. डंख शाबूत असला की व्याख्या कुठलीही चालते.