खिशात मावणारा कॅमेरा

१९३४ साली मुंबईच्या एका दुकानात हरेश्वराने तीन कॅमेरे कोटाच्या खिशात घालून पाहिले. पहिल्याने खिसा उसवला. दुसऱ्याने कोट एका अंगाला ओढला. तिसरा खिशात आहे हेच तो विसरला आणि तसाच दुकानाबाहेर पडला. त्याला हाक मारून परत बोलवावं लागलं. तोच त्याने घेतला.

वीस वर्षं फोटो काढायची लाकडी पेटी आणि तिचं तीन पायांचं तिकाटणं वाहून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. पेटीचं भिंग विकून नवा कॅमेरा आला. रिकाम्या पेटीत आता कोंबडी अंडी घालत होती. नागावच्या वाळूवरून हरेश्वर हात हलवत फोटो काढायला निघाला. ओहोटीचं पाणी आरशासारखं पसरलं होतं, लांबची शिडं ढगांत विरत होती, आणि आपणही तेवढेच हलके झालो आहोत असं त्याला वाटत होतं.

नीराबाई नातवाला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती, शेजारी सून कमळ. मुलगा शिवदास दोन वर्षं आगबोटीवर खलाशी होता. 'आयेचं तोंड आठवंना, फोटो धाड,' असं त्याचं पत्र आलं होतं.

हरेश्वराने खिशातून कॅमेरा काढून त्यांच्यावर धरला.

"तंबाखूची डबी मागनं उघड," नीराबाई म्हणाली. "पेटी कुठं हाय?"

"हीच पेटी, काकी."

"ह्यात माझी नथ तरी मावंल का रं?"

"मग आत्याबाय, तुमी नथीपुरत्याच बसा," कमळ म्हणाली.

नीराबाई पडलेल्या दाताची जागा दिसेपर्यंत हसली. हरेश्वराच्या बोटाखाली कॅमेऱ्याचा खटका आपोआप दाबला गेला.

"कालं कापड न्हाय, तीन पाय न्हाईत. लेकाला डबीतला फोटो धाडू व्हय? जा, पेटी आन."

हरेश्वराने कोंबडीला उठवलं. पेटी आणून उभी केली, काळ्या कापडात डोकं घातलं आणि भिंगाच्या भोकाला आतून छोटा कॅमेरा लावला. समोर तिघंही सुक्या बोंबलांसारखी ताठ झाली.

तिसऱ्या दिवशी तो दोन्ही फोटो घेऊन आला. ताठ बसलेल्यांचा नीराबाईने बाजूला सारला.

"हा त्या डबीतला. मढ्यावानी दिसताव सगली."

हसऱ्या फोटोकडे ती बराच वेळ बघत राहिली. "आन् हा पेटीतला. शिवदास लगेच वलखील."

"काकी, हा तर..." हरेश्वर सांगू लागला. तिने फोटो पदराने पुसून पाकिटात घातला.

"फाल्गुनात माझ्या धाकट्या लेकीचं लगीन हाय. पेटीच आन. सगल्या वाडीला सांगितलंय मी."

फाल्गुनात तो त्याच वाळूवरून निघाला तेव्हा खांद्यावर पेटी होती. खिशातला कॅमेरा मात्र इतका हलका होता, की तो आहे हेही त्याला जाणवत नव्हतं.