शेवटचा सूर आणि व्हर्नाकाकूंचा फ्रीज

"दुपारच्या जेवणाला आपण सगळे घरी," असं डेल्मर हॉगेनने ट्रम्पेटची पेटी उघडता उघडताच जाहीर करून टाकलं. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, उभा जन्म ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट फुंकण्यात गेलेला, तेव्हा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. त्याच्या साथीला पियानोवर बसलेल्या रोवेनाने मात्र रात्रीच्या जेवणाची सँडविचं बांधून आणली होती. तिने डेल्मरबरोबर पूर्वीही काम केलं होतं.

रेकॉर्ड करायची होती शिकागोच्या एडेल रस्कबाईंची रचना. बाई हयात होत्या, हीच मोठी अडचण. मेलेले संगीतकार कसे, कुरकुर करत नाहीत. रस्कबाईंनी याआधी तीन ट्रम्पेटवाल्यांची रेकॉर्डिंग ऐकून तिघांनाही नापास केलं होतं. शिवाय त्यांची अट अशी, की शेवटचं पान सलग वाजवायचं, तुकडे जोडायचे नाहीत. पानाच्या अखेरीला एकच सूर होता. चढा, पण अगदी हलका, आणि त्यानंतरची शांतताही बाईंनीच लिहिलेली. सूर पूर्ण विरेपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही.

डेल्मरला हे जमवायचंच होतं. ट्रम्पेटवाला ओठांवर जगतो आणि त्याचे ओठ आता लवकर थकत होते. आणखी दोनेक वर्षांनी हा सूर आपल्याला लागणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो ते कुणाजवळ बोलत नसे.

जागा होती मिनेसोटातल्या त्याच्या जन्मगावचं लुथेरन चर्च. तिथे आवाज झकास घुमतो आणि मुख्य म्हणजे ते व्हर्नाकाकूंनी मिळवून दिलं होतं. व्हर्नाकाकू म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा. डेल्मर लहान असताना रविवारच्या शाळेत त्याचे कान त्यांनीच पिळलेले. चर्चचा धर्मगुरू, म्हणजे पास्टरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय दुसरा कप कॉफी घेत नाही.

"काहीतरी गुणगुणतंय," रेकॉर्डिंग करणारा कर्टिस हेडफोन काढत म्हणाला. "फ्रीज असणार."

डेल्मर शेजारच्या स्वयंपाकघरात गेला. फ्रीज उद्याच्या सामुदायिक जेवणाच्या पदार्थांनी गच्च भरला होता. हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या खिमा-बटाट्याची भांडी, कोबीचं कोलस्लॉ, हिरव्या जेलीचं सॅलड. अर्ध्या गावाची मेहनत. त्याने प्लग काढला.

"गाडीच्या किल्ल्या आत ठेव," कर्टिस बाहेरून म्हणाला. "म्हणजे घरी जाताना फ्रीज उघडावाच लागेल आणि तो चालू करायची आठवण राहील. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात."

डेल्मरला ही युक्ती फारच आवडली. त्याने किल्ल्या जेलीच्या भांड्यावर ठेवल्या आणि निर्धास्त मनाने वाजवायला गेला.

थोड्या वेळाने मागच्या दाराने व्हर्नाकाकू आल्या. त्यांनी फ्रीज उघडला. आत दिवा नाही, गारवा नाही, आणि जेलीत रुतलेला किल्ल्यांचा जुडगा! प्लग पाहावा असं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. इतक्या वर्षांचा फ्रीज, कधी ना कधी जायचाच. आत पोरगा वाजवतोय म्हणून त्यांनी अगदी दबक्या आवाजात पदार्थ करणाऱ्या सगळ्या बायकांना भांडी परत न्यायला फोन लावले, आणि बायका आपापल्या गाड्या घेऊन निघाल्या.

डेल्मर शेवटच्या पानावर होता. सूर लागला, छान तरंगायला लागला, आणि बाहेर गाडीचं दार धाडकन बंद झालं. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा धाड. तिसऱ्या खेपेला तर सूर लागायच्या आधीच दोन दारं वाजली.

कर्टिसने खिडकीतून डोकावून पाहिलं. "बायका पातेली पळवतायत," तो म्हणाला.

डेल्मर स्वयंपाकघरात धावला. तिथे अंत्ययात्रेचं वातावरण होतं.

"गेला रे बिचारा," व्हर्नाकाकू फ्रीजवर हात ठेवून कुजबुजल्या. "आणि हे बघ, कुणा वेंधळ्याने किल्ल्या आत विसरल्यात. पास्टरच्याच असणार."

"असतील," डेल्मर म्हणाला. खरं सांगितलं तर हातचं चर्च जाणार होतं.

"आता माझा भाचा येतोय दुरुस्तीला. ठोकाठोक होईल थोडी, पण तुझं काही बिघडत नाही ना?"

ठोकाठोक मात्र परवडणारी नव्हती. "काकू," तो म्हणाला, "फ्रीज ठीक आहे. मीच बंद केला. किल्ल्याही माझ्याच."

व्हर्नाकाकूंनी त्याच्याकडे, मग किल्ल्यांकडे पाहिलं. "मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? मोठा झालास, अक्कल मात्र तेवढीच राहिली." त्यांनी किल्ल्या पुसून त्याच्या हातावर ठेवल्या, भाच्याला येऊ नको म्हणून कळवलं आणि बायकांकडे वळल्या. "आता कुणी बाहेर जायचं नाही. दारं वाजतात. आत चला आणि गप्प बसा."

बायका मांडीवर भांडी घेऊन बाकांवर ओळीने बसल्या.

"आता एकदाच होईल," डेल्मर रोवेनाला हळूच म्हणाला. ओठ सुजले होते.

आणि त्या खेपेला सूर लागला. तसा सूर डेल्मरने उभ्या आयुष्यात काढला नव्हता. तो वर गेला, तिथे राहिला आणि मग हळूहळू, अगदी हळूहळू विरायला लागला. कर्टिसने हात वर धरला होता, म्हणजे अजून कुणी हलायचं नाही. डेल्मरच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता त्या गावात एखादी गोष्ट मुळीच पटली नाही, तरी तसं म्हणायची पद्धत नाही. व्हर्नाकाकू शेजारणीकडे झुकल्या आणि सौजन्याने म्हणाल्या, "वेगळंच आहे, नाही?"

कर्टिसचा हात हवेतच राहिला. माइक चांगले महागातले होते. शब्द आणि सूर एकमेकांत असे मिसळले होते, की वेगळे काढायची सोय नव्हती. डेल्मरने पुन्हा ट्रम्पेट ओठांना लावलं. नुसती हवा आली.

रस्कबाईंना त्याने ते तसंच पाठवलं आणि वर लांबलचक माफी मागितली. आठवड्याभराने बाईंचा फोन आला. "पन्नास वर्षं लोक माझं संगीत ऐकून हेच म्हणत आलेत," त्या म्हणाल्या. "सूर उत्तम आहे. त्या बोलणाऱ्या बाईंना हात लावू नका."

रेकॉर्ड निघाली तेव्हा डेल्मर एक प्रत घेऊन व्हर्नाकाकूंकडे गेला. काकूंनी कॉफी दिली, दोन शेजारणींना बोलावून घेतलं, आधीचं सगळं वगळलं आणि शेवटचा तेवढा भाग दोनदा लावला. शेजारणींनी कौतुक केलं.

"माझा आवाज मात्र किती स्वच्छ आलाय," काकू डेल्मरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. "फक्त मागे तुझं ते ट्रम्पेट जरा मध्ये मध्ये येतं."