कॅसेटची दुसरी बाजू

सकाळी पोपटरावांनी खुराड्याचं दार उघडलं, तेव्हा सातांपैकी एकही कोंबडी बाहेर आली नाही. पिसं फुगवून, डोळे मिटून त्या एका ओळीत बसल्या होत्या, आणि तीन-चार जणींची नाकं चक्क वाहत होती. त्र्याऐंशी सालचा जानेवारी होता. उन्हाळ्यात जिथं पाय ठेववत नाही त्या आखातातल्या दोह्यातल्या अंगणात तीन दिवस उत्तरेचा शमाल वारा सुटला होता आणि पोपटरावांचे दात वाजत होते.

कोंबड्या अरबाबांच्या, म्हणजे मालकांच्या, आईच्या, मुनीराबाईंच्या. अरबाब अबू नासिर आईला घेऊन मक्केला उमऱ्याच्या यात्रेला गेले होते, आणि जाताना ड्रायव्हर पोपटरावांना बजावून गेले होते, "पोपट, अम्मा का मुर्गी अच्छा, तो तुम्हारा छुट्टी का पेपर साइन. मुर्गी खराब, तो छुट्टी खलास!"

हे संकट पोपटरावांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. "हमारे गाव में साठ मुर्गी है, अरबाब!" अशी बढाई त्यांनीच मारली होती. साठ होत्या हे खरं, पण त्या सांभाळायच्या फुलाबाई, त्यांची बायको. पोपटरावांची आणि कोंबडीची गाठ थेट ताटात पडायची. आणि सुट्टी तर हवीच होती. लेकीच्या, अंजनाच्या पोराचं जावळ होतं, आणि या आजोबांनी नातू अजून फोटोतच पाहिला होता.

त्यांनी संपतला हाक मारली. संपत पलीकडच्या गल्लीत राहायचा. तो एसी मेकॅनिक होता, म्हणजे थंडीत सल्ले द्यायला मोकळा.

"नाना, ह्यास्नी वारं बाधलंय," संपतनं निदान केलं. "बाळंतिणीवानी ओव्याची धुरी द्या."

"कोंबडीला?"

"अंडं घालती म्हंजी बाळंतीणच की! ती बी रोजची."

हे पोपटरावांना पटलं. मन्सूरा भागातल्या दुकानातून पावशेर ओवा आला. घरात ऊद जाळायचं मबखर होतं, त्यात निखारे घालून दोघांनी ओवा टाकला, मबखर खुराड्यात सरकवलं आणि दाराला पोतं लावलं.

मिनिटभरात आतून असा कल्लोळ उठला की पोतं उडालं आणि सातही बाळंतिणी ठसकत बाहेर पडल्या. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. त्यातून त्या थेट अरबाबांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत शिरल्या. तांबडी कोंबडी तर खुद्द अरबाबांच्या लोडावर चढून बसली. त्या लोडाला पाच वर्षांत पोपटरावांचा हातसुद्धा लागला नव्हता.

"नाना, यल्ला! धरा तिला!"

"अरं, गालिच्यावर चपला नगं! आधी चपला काढ!"

सगळ्या हाती लागेपर्यंत दुपार झाली. पोपटरावांनी त्यांना आपल्या खोलीत नेऊन खाटेखाली ठेवलं. पण धुरानं त्या आणखीच मलूल झाल्या. दाण्याला शिवेनात, पाण्याकडे बघेनात.

"संप्या, गेली माझी सुट्टी," पोपटराव खाटेवर बसले आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले. "घरची कॅसेट तरी लाव. तेवढाच जीवाला आधार."

फुलाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या गावातल्या मास्तरांच्या टेपवर कॅसेट भरून, सुट्टीहून परत निघालेल्या कुणाच्या तरी हाती पाठवायच्या. पहिल्या बाजूला गावाची खबरबात आणि दुसऱ्या बाजूला तक्रारी, असा पोपटरावांचा अनुभव होता. म्हणून दुसरी बाजू ते ऐकायचेच नाहीत. संपतला हे काय ठाऊक? त्यानं घाईत कॅसेट उलटी घातली.

"...अवं, हिकडं लई गारठा पडलाय," फुलाबाई म्हणाल्या. "कोंबड्या शिंकाय लागल्यात. आडोशाला कोरड्या पोत्यावर ठिवल्यात, कोमट पाण्यात लसूण ठेचून पाजतीया. धूर अजिबात नाय. तुमी मागं धुरी करून चार मारल्या, इसरला न्हवं?"

संपतनं पोपटरावांकडे पाहिलं. पोपटरावांनी भिंतीकडे पाहिलं.

"थांबा, दाणं टाकती. याऽ तीऽ ती ती ती! या गं माझ्या बायांनो!"

खाटेखालून तांबडीनं मान काढली. मग दुसरीनं. "मागं घे! पुन्यांदा लाव!" पोपटराव ओरडले. दहाव्यांदा "तीऽ ती ती" झालं तेव्हा तांबडीनं पहिला दाणा टिपला.

आठवड्यानं अरबाब परतले. मुनीराबाईंनी एकेक कोंबडी उचलून पाहिली आणि पोपटरावांना खूप दुवा दिल्या. सही झाली. एकच अडचण होती. त्या आवाजाशिवाय कोंबड्या आता दाण्याला तोंड लावत नव्हत्या.

"पोपट जाएगा," मुनीराबाईंनी फैसला केला. "कॅसेट नहीं जाएगा."

गावी जावळ झकास झालं. पाहुणे पांगल्यावर पोपटरावांनी ही हकीकत बायकोला मोठ्या अभिमानानं ऐकवली.

"म्हंजी दुसरी बाजू तुमी कंदी ऐकलीच न्हाई," फुलाबाई म्हणाल्या. "असू द्या. कोंबड्यांनी तरी ऐकली."

पोपटराव परत निघाले, तेव्हा फुलाबाईंनी त्यांच्या पिशवीत एक नवी कॅसेट ठेवली. पहिल्या बाजूवर मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मुनीराबाईंच्या कोंबड्यांसाठी'. दुसरीवर, 'ह्यांच्यासाठी'.

दोह्याला पोचल्या पोचल्या पोपटरावांनी, आयुष्यात प्रथमच, आधी दुसरी बाजू लावली. ती शेवटपर्यंत कोरी होती. मधे एकदा फक्त कोंबडा आरवला.

मग ते खुराड्यापाशी गेले आणि त्यांनी पहिली बाजू लावली. "कशा हाय गं बायांनो? जेवला का पोटभर? तिकडं लई गारठा असंल, जपून ऱ्हावा. मला हितं करमत न्हाई बघा..."

तेव्हापासून कोंबड्यांच्या जेवणाची वेळ पोपटरावांनी कधी चुकवली नाही. ते आपलं ताटही तिथंच घेऊन बसतात.