बिनआवाजी बॅगपाइपचं प्रमाणपत्र

आमच्या गावाचं नाव इथे देत नाही. ते द्यायला कौन्सिलची परवानगी लागेल आणि अर्जाचं उत्तर बारा आठवड्यांनी येईल. बेसिंगस्टोकहून ट्रेनने दोन स्टेशनं, एवढं पुरे. गावात मराठी मंडळ आहे, मंडळाचा गणपती आहे, आणि मागच्या वर्षीपर्यंत विसर्जन मिरवणुकीत सहा ढोल आणि एक ताशा होता. यंदा जूनमध्ये कौन्सिलचं पत्र आलं. मागील मिरवणुकीच्या आवाजाबद्दल चौदा तक्रारी प्राप्त झाल्यामुळे ढोल-ताशाला परवानगी नाकारण्यात येत आहे. मात्र परिशिष्ट 'क'मधील स्थानिक वारसा वाद्यांना आवाजाची मर्यादा लागू नाही.

परिशिष्टात तीन वाद्यं होती: चर्चची घंटा, पोस्टमनची शिट्टी आणि स्कॉटिश बॅगपाइप. स्कॉटलंड आमच्यापासून चारशे मैलांवर आहे. पण यादी करणाऱ्याला नकाशा पाहण्याचे अधिकार नसावेत.

मंडळाची तातडीची सभा भरली. शेजाऱ्यांच्या असहिष्णुतेचा एकमताने निषेध झाला. निषेध हळू आवाजात केला, कारण हॉलच्या भाड्यात आवाज धरलेला नव्हता.

"बारा वर्षं अध्यक्ष आहे मी," अरुणाताई म्हणाल्या. "माझ्या कारकिर्दीत बाप्पा मुक्याने गेला, असं होता कामा नये. अपूर्व, आरतीला शंख तू फुंकतोस ना?"

"एकदाच फुंकला होता, ताई. वाजला नव्हता."

"म्हणजे अनुभव आहे."

मला बॅगपाइप शिकायला पाठवण्याचा ठराव झाला. एकही माणूस विरोधात नव्हता, कारण विरोध करणाऱ्यालाच पाठवतील अशी भीती होती. ऑगस्टमध्ये मी सहा दिवसांची रजा काढून ग्लेनमकल समर स्कूल ऑफ पायपिंगमध्ये दाखल झालो.

शाळा एका सुंदर दरीत होती. बॅगपाइप दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, कुलुपात होता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. मी मोबाइलवर आईला "पोचलो" म्हणालो तसे ते वळले.

"मराठी का तू? मी सियोन. जन्म भायखळ्याचा, आता वेम्बली. काका म्हण."

"काका, किती वर्षं वाजवताय?"

"वाजवत नाही. शिकतोय. हे चौथं वर्ष."

"आणि अजून बॅगपाइप…"

"पिशवीला हात लागला नाही बाबा. नातीच्या, टालियाच्या, लग्नात वाजवायचा म्हणून आलो होतो. लग्न झालं. तिला मुलगी झाली. आता त्या मुलीच्या लग्नाचं बघतोय."

आमचे गुरू मिस्टर डगल. तीस वर्षांचा अनुभव असलेले पायपर. त्यांनी शेवटचा सूर सात वर्षांपूर्वी लावला होता आणि त्याबद्दलच्या चौकशीत ते निर्दोष सुटले होते. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला चँटर दिला. चँटर म्हणजे पिशवी नसलेली नुसती नळी. नवशिक्याने वर्षभर तिच्यावर बोटं बसवायची, ही या विद्येची जुनी शिस्त. मला ती पटली. वर्षभराचं काम सहा दिवसांत करायची सवय आमच्या कंपनीने मला लावलेलीच आहे.

मंगळवारी चँटरमधली रीड काढून घेण्यात आली. रीड म्हणजे सनईला असते तशी पत्ती. ती नसली की नळीतून फक्त हवा जाते.

"दरीत सुट्टीसाठी घरं घेतलेले लोक आहेत," डगल सर खालच्या आवाजात म्हणाले. "ते लंडनहून अस्सल स्कॉटलंड अनुभवायला येतात. अस्सल स्कॉटलंडच्या आवाजाने त्यांची झोपमोड होते."

बुधवारी चँटरच गेला. नळी तोंडात घालणं हा आरोग्याचा प्रश्न ठरला. तिच्याऐवजी पेन्सिली मिळाल्या. गुरुवारी पेन्सिलींना टोक असल्याचं विमा कंपनीच्या ध्यानात आलं. पेन्सिली जमा करून आम्ही हवेत बोटं हलवू लागलो. शुक्रवारी सकाळी हलणाऱ्या बोटांमुळे मनगटाला ताण येऊ शकतो असं परिपत्रक आलं, तेव्हा डगल सरांनी बोटंही मांडीवर ठेवायला सांगितली.

"आता मनात," ते म्हणाले. "माझ्याबरोबर. एक, दोन."

आम्ही दोन तास मनात वाजवलं. मधेच सर थांबले.

"सियोन, तुम्ही घाई करताय."

"सॉरी सर," काका म्हणाले. मला कोपर मारून पुटपुटले, "खरंच केली रे मी घाई. या माणसाला कळतं."

शनिवारी परीक्षा. त्या दिवशी कपाट उघडलं आणि बॅगपाइप हातात आला. नियमाप्रमाणे रीड काढलेली, वरच्या तिन्ही नळ्यांना बुचं मारलेली. मी पिशवी काखेत धरली, फुंकली, बोटं चालवली. परीक्षक डोळे मिटून बसल्या होत्या. शेवटी त्यांनी लिहिलं: *संपूर्ण सादरीकरणात एकही चुकीचा सूर नाही. डिस्टिंक्शन.*

सियोनकाकांना सलग चौथ्या वर्षी आल्याबद्दल स्मृतिचिन्ह मिळालं. चौकटीत बसवलेली एक खरी रीड, काचेखाली. चौकटीवर लिहिलं होतं: 'वापरासाठी नाही.'

परत आल्यावर मी अरुणाताईंना सरळ सांगितलं, "ताई, शाळेने भाड्याने दिलेला बॅगपाइप वाजत नाही."

"सर्टिफिकेट आहे?"

"आहे. डिस्टिंक्शन आहे. पण आवाज…"

"अपूर्व, तुझं वादन कार्यकारिणीने मंजूर केलंय. आता ते मागे घ्यायला विशेष सभा लागेल, तिला कोरम लागेल, आणि तोवर बाप्पा जायचा. तू वाजव."

अनंतचतुर्दशीला मिरवणूक निघाली. ती कम्युनिटी सेंटरच्या मागच्या टबापर्यंत जाते. कौन्सिलचा अधिकारी टोबी हातात आवाजाचं मीटर घेऊन आला होता. मी सियोनकाकांनाही बोलावलं होतं. ते वेम्बलीहून दोन गाड्या बदलून, चौकट बगलेत मारून आले होते.

मी पिशवी फुगवली आणि सुरुवात केली.

काही ऐकू आलं नाही. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अरुणाताईंनी डोळे मिटले, मान डोलावली, आणि मांडीवर ताल धरला. त्यासरशी सगळ्यांना ऐकू येऊ लागलं. कोणी "वा" म्हणालं. मंडळाच्या मनीषाताईंनी व्हिडिओ काढला आणि आवाज येत नाही म्हणून फोन झटकला. कोथरूडचे एक गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "छान. दुसऱ्या कडव्यात किंचित बेसूर झालास. राग मानू नकोस, आमच्याकडे कान तयार असतात."

टबाशी पोचलो. अरुणाताईंनी मूर्ती उचलली, आणि मला त्यांचे डोळे दिसले. ते भरले होते. त्यांनाही काही ऐकू आलेलं नव्हतं. बारा वर्षांत पहिल्यांदा बाप्पा मुक्याने निघाला होता.

सियोनकाकांनाही ते दिसलं असावं. त्यांनी चौकट टबाच्या कडेवर आपटली, काच झटकली, रीड काढून माझ्या नळीत बसवली आणि म्हणाले, "चार वर्षांची विद्या आहे. फुंक."

मी फुंकलं.

म्हशीला न विचारता लिफ्टमध्ये घातल्यावर ती जे म्हणेल, तसा तो आवाज होता. अकरा सेकंद टिकला. कबुतरं उडाली. सियोनकाका रडत होते. अरुणाताईंनी त्या आवाजातच मूर्ती पाण्यात सोडली, आणि मग भानावर येऊन टोबीपाशी गेल्या.

"सॉरी हं. आता शेजाऱ्यांच्या तक्रारी येणार."

"कसल्या तक्रारी?" कुंपणापलीकडून मिसेस हिगिन्स म्हणाल्या. त्यांचं वय ब्याऐंशी. "आणि ढोल कुठे आहेत? मी त्यासाठी बहिणीला सॅलिस्बरीहून बोलावलंय."

अरुणाताईंनी टोबीकडे पाहिलं. टोबीने फाइल उघडली.

"नावं मी सांगू शकत नाही, ती गोपनीय आहेत. पण मजकूर वाचू शकतो. मागच्या वर्षीची पहिली तक्रार: 'तिसऱ्या आवर्तनानंतर ताशा मागे पडला. पुण्यात हे खपवून घेतलं जात नाही.' दुसरी: 'अध्यक्षांच्या दारात सात मिनिटं वाजवतात, आमच्या दारात दोनच.' तिसरी: 'आम्ही घर विकायला काढलं आहे. तेवढे महिने संस्कृती जरा हळू ठेवावी. गणपती बाप्पा मोरया.'"

सगळे टबात पाहत होते.

टोबीचा फोन वाजला. त्याने पाहिलं. "आजच्या आठ झाल्या. एकात म्हटलंय, सूर पट्टीत नव्हता." फोन पुन्हा वाजला. "नऊ."

अरुणाताईंनी आपला फोन हळूच पर्समध्ये टाकला. मी माझा आधीच खिशात घातला होता. मागच्या वर्षी त्या दिवशी माझा क्लायंट कॉल होता. मी फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याही अत्यंत सौम्य भाषेत.

पुढच्या वर्षीसाठी मिसेस हिगिन्सनी ढोलांच्या बाजूने अर्ज केला आहे. त्यावर मंडळाची हरकत जाण्याची शक्यता आहे.

बाकी हिशेब सोपा आहे. मागच्या वर्षी तक्रारी चौदा होत्या. मंडळात कुटुंबं पंधरा, आणि त्यांतलं एक त्या आठवड्यात नागपूरला गेलं होतं. नागपूरला गेलेलं कुटुंब ते आपलंच, असं सध्या आमच्याकडे पंधराही घरांत सांगतात.

तुमच्याकडे काय सांगतात?